भारी पेट्रोलचा मंगळवार

पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, वेणीत काळे केस शोधावे लागायला लागले, तरी त्या घरात ती धाकटीच होती. धाकटी सून म्हणून उंबरा ओलांडला आणि तिच्यामागून त्या घरात दुसरी सून आलीच नाही. मग बढती मिळणार कुठून? थोरले दीर, थोरली जाऊ, लॉन्ड्रीत कामाला येणाऱ्या बायका, हॉटेलांच्या मागच्या दारांवरचे पहारेकरी, सगळ्यांना ती धाकटी, नाहीतर धाकट्या वहिनी. खरं नाव रेशनकार्डावर होतं. तिथे ते सुखरूप होतं.

खाली लॉन्ड्री, वर घर. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे झगे, सगळं तिथे धुतलं जाई. दिवसभर ड्रम फिरत, बॉयलर सुस्कारे टाकी आणि वाफ जिन्यानं वर येऊन आगंतुक पाहुण्यासारखी घरभर बसे. फरशी बारा महिने कोमट. मागच्या अंगणात दोऱ्या आणि दोऱ्यांवर चादरी. घरातली कुठलीही खिडकी उघडा, समोर चादर. ती वाऱ्यानं हलली तर पलीकडे दुसरी चादर दिसे.

घराबाहेर पडायचं तर जिना उतरायचा, ड्रमांमधून वाट काढायची आणि थोरलीच्या मोजणीच्या टेबलापुढून जायचं. थोरली मान वर न करता विचारणार, "कुठे निघालीस?" त्यात संशय नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. शिंक आल्यावर नाक पुसावं इतकी सहज ती विचारी. आणि उत्तर काहीही द्या, पुढचं वाक्य ठरलेलं: "थांब, मी पण येते." न्हाणीघराचं दार लावलं तरी बाहेरून हाक येई, "धाकटे, आत आहेस का?" आत नसेल तर कुठे असेल?

थोरली वाईट नव्हती. त्या घरात कुणीच वाईट नव्हतं, खरी पंचाईत तीच होती. वाईट माणसांशी निदान भांडता येतं.

धाकटीच्या हातात पिकअपची किल्ली आली ती नाइलाजानं. जुना ड्रायव्हर परदेशी निघून गेला. थोरल्या दिरांना, म्हणजे दादांना, डोळ्यांनी धड दिसेना. धाकटीचा नवरा बॉयलरचा माणूस. बॉयलर पेटलेला असताना त्याला जागा सोडता येत नसे, आणि बॉयलर कायम पेटलेला असे. धाकटीच्या वडिलांची टॅक्सी होती आणि त्यांनी मुलीला हौसेनं गाडी शिकवली होती. ही गोष्ट लग्न ठरवताना लपवून ठेवली होती, ती आता कामाला आली. किल्ली हातात पडली तेव्हा धाकटीला वाटलं, आपल्यासाठी एक दार उघडलं. पहिल्या दिवशी चालकाच्या जागेवर बसून तिनं आरसा नीट केला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि थोरली पिशवी सांभाळत वर चढली. "एकटी कशी जाशील गं? गठ्ठे मोजायला कुणी नको?"

तेव्हापासून रोज हॉटेलं, इस्पितळं, परत हॉटेलं. शेजारी थोरली आणि थोरलीचं बोलणं. बोलणं म्हणजे कुठल्या हॉटेलच्या चादरीवर काय सांडलं होतं इथून सुरू होऊन जगात कुठेही जाई आणि परत चादरीवर येई.

अपवाद फक्त मंगळवारचा.

त्यासाठी पेट्रोलची गोष्ट सांगायला हवी. मामंजींनी, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांनी, धंदा सुरू केला तेव्हा एक जुनी, भल्या मोठ्या इंजिनाची पिकअप घेतली होती. ती गाडी खानदानी आणि नखरेल. साधं पेट्रोल घातलं की चढावर टकटक करायची, डब्यात कुणी खडे हलवावेत तशी. तेव्हाच्या मेकॅनिकनं सांगितलं, हिला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घाला. घातलं, टकटक थांबली. झालं. घरात पेट्रोलच्या दोन जाती ठरल्या, साधं आणि भारी, आणि आपली गाडी भारीच पिते, हा कुळाचा नियम झाला. पुढे ती गाडी भंगारात गेली. दुसरी आली, तिसरी आली. गाड्या बदलल्या, नियम बदलला नाही. मामंजी शेवटच्या आजारात बरंच काही सांगत असत, साबण कुठे ठेवा, कुणाला उधार देऊ नका; पण दादांनी त्यातलं एकच वाक्य उराशी धरलं: "गाडीला हलकं पाजू नका."

आणि भारी पेट्रोल गावात मिळत नसे. ते मिळे हमरस्त्यावरच्या मोठ्या पंपावर, पूल ओलांडून बरंच पुढे. दर मंगळवारी दुपारी बॉयलर थंड करून आतून खरवडत, म्हणून तेव्हा गाडी मोकळी असे. थोरलीला पेट्रोलच्या वासानं मळमळे. एकदा ती पंपावर आली होती आणि परतीच्या वाटेवर गाडी वारंवार थांबवावी लागली होती. त्यामुळे मंगळवारी थोरली टेबलापाशीच बसून म्हणे, "जा बाई तू. लवकर ये."

धाकटी जाई. पूल ओलांडला की काच खाली करी. पंपावर टाकी भरून घेई आणि मग पंपाच्या मागे, एका मोठ्या जाहिरातीच्या फळ्याची सावली पडे तिथे गाडी लावी. इंजिन बंद. सीट मागे. चपला काढून पाय डॅशबोर्डवर. समोर उघडं माळरान आणि त्याच्या कडेनं वळसा घेऊन जाणारा रस्ता.

तिथे ती काय करायची? काही नाही. वाचकांपैकी ज्यांच्या मनात काही लफडं आलं असेल त्यांनी ते काढून टाकावं. कुणी भेटायला येत नसे. ती फोनवर बोलत नसे, रडत नसे, गातही नसे. ट्रक वळणावर दिसायला लागल्यापासून दिसेनासा होईपर्यंत बघे. तो गेला की दुसरा बघे. तिला कुणी हाक मारत नसे, बस्स. आठवड्याचे बाकीचे दिवस ती या तासावर काढी.

या पिकअपला भारी पेट्रोलची गरज नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीनं कागद चिकटवला होता आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की साधं पेट्रोल पुरे. दर मंगळवारी झाकण उघडताना ती तो वाची आणि बंद करी. ज्याच्या त्याच्या घरी काही ना काही झाकलेलं असतं.

मग जावईबापू आले.

दादांची एकुलती एक लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला सोडायला ते आले आणि रजा आहे म्हणून राहिले. जावईबापू गाड्यांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात, चाचणी विभागात. मुलगा गुणी. ताट स्वतः उचलायचा, बॉयलरपाशी जाऊन सासऱ्यांच्या धाकट्या भावाला म्हणजे चुलतसासऱ्यांना आदरानं प्रश्न विचारायचा. कुणाचं काही अडलेलं दिसलं की त्याला चैन पडत नसे. अशा माणसांपासून जरा जपूनच राहावं.

रात्रीचं जेवण चाललं होतं. दादा कौतुकानं सांगत होते, आमची गाडी फक्त भारीच पेट्रोल पिते, म्हणून तर अजून ठणठणीत आहे.

"बाबा, राग मानू नका," जावईबापू म्हणाले, "पण ते वाया जातंय."

दादांचा घास हातातच राहिला. "वाया? ताकद वाढते त्यानं."

"नाही वाढत. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. हे बघा, इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबतात आणि मग ठिणगी टाकतात. काही इंजिनं फार जोरात दाबतात. मग साधं पेट्रोल ठिणगीची वाटच बघत नाही, आधीच भडकतं. तीच ती टकटक. भारी पेट्रोलचा गुण एवढाच, की कितीही दाबलं तरी ते वेळेआधी भडकत नाही. निमूट सहन करतं."

"म्हणजे आपल्या धाकटीसारखं!" थोरली म्हणाली आणि सगळे खो खो हसले. धाकटीचा नवराही हसला. धाकटीनंही हसून घेतलं आणि दादांना भाजी वाढली.

"पण तुमच्या पिकअपचं इंजिन तेवढं दाबतच नाही," जावईबापू पुढे म्हणाले. "साध्या पेट्रोलवर ते छान चालेल. कोपऱ्यावरच्या पंपावर भरा. इतक्या लांब जाण्यात काकूंचा अख्खा तास जातो."

धाकटीच्या हातातला डाव भांड्यावर आपटला.

"वडिलांचा शब्द आहे," दादा म्हणाले.

"शब्द जुन्या गाडीसाठी होता ना?"

दादा थोडे गडबडले. मग त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. धाकटीचं मत विचारलं. "चालवते ती. तिलाच विचारा. काय गं धाकटे?"

सगळ्यांच्या माना वळल्या. इतक्या वर्षांत तिच्या मतावर काही अवलंबून असण्याची ही पहिलीच वेळ, आणि नेमकं तेव्हाच तिला खोटं बोलावं लागलं.

"साध्यावर टकटक करते," ती म्हणाली. "इस्पितळाच्या चढावर. एकदा भारी संपलं होतं, तेव्हा घालून बघितलं होतं मी."

"बघा!" दादांनी ताटावर थाप मारली.

"असं? आश्चर्य आहे," जावईबापू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. इंजिनवाल्याला टकटक म्हणजे आमंत्रणच. "मग उद्या साधं भरून त्याच चढावर जाऊन बघू. टाकी रिकामीच आहे ना? आणि झाकणाच्या आत कंपनीचा कागद असतो, तोही सकाळी बघून टाकू."

जेवणं उरकल्याबरोबर धाकटी, धुवायचे रुमाल गाडीत राहिलेत म्हणत, खाली गेली. थोरली टेबलापाशी उद्याचे गठ्ठे लावत होती. "कुठे निघालीस?" "गाडीपाशी." "थांब, मी—" "आलेच ताई, दोन मिनिटांत." धाकटीनं झाकण उघडलं आणि नखानं कागद खरवडला. तो काही सुखासुखी निघेना. मग किल्लीनं खरवडला. आपण या वयात चोरासारख्या वाकून एक कागद कुरतडतो आहोत, हे तिला दिसत होतं. तरी हात थांबला नाही.

सकाळी जावईबापूंनी झाकण उघडलं आणि बोटानं चाचपलं. "कुणीतरी खरवडलाय."

"उन्हानं गेला असेल," दादा म्हणाले.

"झाकणाच्या आत ऊन?"

धाकटीनं गाडी सुरू केली. कोपऱ्यावरच्या पंपावर साधं पेट्रोल भरलं. मागे ओल्या चादरींचे गठ्ठे रचले होते, कारण इस्पितळानं वाळवण्याचं यंत्र घेतल्यापासून तिथला माल ओलाच जात असे. चाचणीला वजन हवंच होतं. पुढे तिघं: धाकटी, मध्ये जावईबापू, दाराशी दादा. थोरलीला जागा उरली नाही, म्हणून ती फाटकापर्यंत चालत आली आणि म्हणाली, "सांभाळून गं." जणू धाकटी लढाईला निघाली होती. निघाली होतीच म्हणा.

इस्पितळाचा चढ लांब आणि सरळ. टॅक्सीवाल्या वडिलांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, चढ लागला की खालचा गिअर टाक, नाहीतर इंजिन गुदमरतं. तिनं गाडी चौथ्यातच ठेवली. अर्ध्या चढावर वेग पडला, गाडी थरथरू लागली. तिनं पाय आणखी दाबला.

टक. टक टक. टकटकटक.

"ऐकलं?" दादा ओरडले. डोळे गेले होते तरी कान शाबूत होते. "ऐकलं का जावईबापू? वडील माझे उगाच नव्हते सांगत!" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की धाकटीनं रस्त्यावरून नजर काढली नाही.

जावईबापू गिअरच्या दांड्याकडे बघत होते. दांडा त्यांच्या गुडघ्याला लागूनच होता.

इस्पितळाच्या मागच्या दाराशी दादा भांडारप्रमुखांना चाचणीची हकिगत सांगायला काठी टेकत आत गेले. बाहेर ही दोघं गठ्ठे उतरवायला राहिली.

"काकू, चौथ्यात होतात तुम्ही."

"असेन. लक्षात नाही राहिलं."

"चौथ्यात चढावर पाय दाबला तर कुठलंही इंजिन टकटक करेल. भारी पेट्रोल प्यालेलंही." त्यांनी एक गठ्ठा खाली ठेवला. "आणि तो कागद पण तुम्हीच काढलात ना?"

धाकटीनं पुढचा गठ्ठा ओढला.

"मी कुणाला सांगणार नाही. पण मला खरं सांगा. त्या लांबच्या पंपवाल्याशी तुमचं काही... म्हणजे, काही ठरलेलं आहे का? थोडंफार इकडचं तिकडे? होतं असं. मी समजू शकतो."

तो काय म्हणतोय हे तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा कानशिलं तापली. हा मुलगा, इतका सभ्य, तिला चोर समजत होता, आणि चोरीसुद्धा समजून घ्यायला तयार होता! आता दोनच वाटा. चोर ठरायचं, नाहीतर खरं सांगायचं. आणि खरं तिनं कधी शब्दांत घातलेलंच नव्हतं.

"तिकडे मी एकटी असते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे एकटी. कुणी नसतं तिथे."

"आणि काय करता?"

"काही नाही करत. बसते."

"बसता."

"हो. गाडीत. तासभर." तोंडाबाहेर पडल्यावर ते फार लहान दिसलं. ओल्या चादरींच्या ढिगाशेजारी उभं राहून, एवढ्याशा गोष्टीसाठी आपण दोन दिवस खोटं बोललो, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की ही गोष्ट हातची गेली तर आपल्याला श्वास घेता येणार नाही.

जावईबापूंचा चेहरा पालटला. आधी न कळल्यासारखा, मग कळल्यासारखा. डोळे ओलावले. "काकू," ते म्हणाले, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी बघतो."

"काही बघू नका. तुम्ही फक्त गप्प बसा. एवढंच करा माझ्यासाठी."

"असं कसं? हा तर तुमचा हक्क आहे."

"हक्क नको मला. तास हवाय."

"मी बघतो ना," जावईबापू पुन्हा म्हणाले. 'मी बघतो' म्हणणाऱ्या भल्या माणसांनी जगाचं जितकं नुकसान केलंय तितकं लबाडांनीही केलं नसेल.

त्यांनी त्याच दिवशी जेवताना बघितलं. फार सुंदर बोलले. काकू किती राबतात, माणसाला थोडा मोकळा वेळ कसा लागतो, आपल्या सगळ्यांच्या ते कसं लक्षात आलं नाही. पेट्रोलचं खरं काय, चढावरचा चौथा गिअर, मंगळवार, जाहिरातीच्या फळ्यामागची सावली, सगळं उलगडून ताटांच्या मधोमध ठेवलं. धाकटी आमटीच्या वाटीकडे बघत बसली. वाटीत उडी मारता आली असती तर बरं झालं असतं.

मग थोरलीनं डोळ्यांना पदर लावला. "अगं, मला नाही का सांगायचं? मी आले असते ना सोबत!"

ती मनापासून बोलत होती. कुणी हसलं नाही.

दादांनी ताट बाजूला सारलं होतं. "चढावर मला खेळवलंस तू," ते म्हणाले. "मी तिकडे भांडारवाल्यांना छाती पुढे काढून सांगून आलो."

"चुकलं, दादा."

"वडिलांच्या शब्दासाठी भांडत होतो मी. मला वाटलं, या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूनं आहे."

"होतेच की मी तुमच्या बाजूनं."

"हो. पण इंजिनासाठी नाही."

"नाही," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दादा मिशी ओढत बसले. ते रागावून ओरडले असते तर धाकटीला चाललं असतं. ओरडण्यावर रुसता येतं, रुसून खोलीत जाऊन बसता येतं. पण दादा हळवे झाले. "आम्हीच कमी पडलो," ते म्हणाले. "घरातलं माणूस चार घटका हवेला जावंसं वाटतं म्हणून चोरून जातं, ही काय पद्धत झाली? ठरलं. आजपासून साधं पेट्रोल, कोपऱ्यावरून. आणि मंगळवारी सगळ्यांनी मिळून तिकडे जायचं. बॉयलर तेव्हा नुसता थंड ठेवू, खरवडू बुधवारी."

"वा, बाबा!" जावईबापू म्हणाले आणि धाकटीकडे पाहून हसले. बघितलंत ना काकू, असं ते हसू होतं.

नंतर ती बॉयलरपाशी गेली. नवरा फळकुटावर बसून दाबाचा काटा बघत होता. तो काटा बघण्यातच त्याचा जन्म गेला होता. बायकोकडे बघायची पाळी आली की त्याला नेमका काटा हललेला दिसे.

"मला सांगायचंस," तो म्हणाला.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दादांना सांगितलं असतंत."

त्यानं विचार केला. प्रामाणिक माणूस. "हो," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "इथे बस ना. मी नाही बोलणार."

ती बसली. तो खरंच बोलला नाही. पण ड्रम फिरत होते, बॉयलर धापत होता आणि टेबलाकडून हाक आलीच, "धाकटे, कुठे आहेस गं?"

मंगळवार आला. जावईबापू रजा संपवून आदल्याच दिवशी गेले होते. आपण लावलेल्या झाडाची फळं बघायला ते थांबले नाहीत. गाडीत पुढे दादा आणि पेट्रोलच्या वासावर उतारा म्हणून नाकाशी लिंबू धरलेली थोरली, मागे नवरा, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि हॉटेलांनी बाद केलेल्या चादरी, अंथरायला. लेक दिवस भरत आल्यामुळे घरी राहिली आणि शेजारीण तिच्यापाशी बसली. नाहीतर तीही येणार होती.

"कुठे बसायचीस तू? नेमकी जागा दाखव," दादा म्हणाले. धाकटीनं दाखवली. फळ्याच्या सावलीत चादरी पसरल्या गेल्या. थोरलीनं डबे उघडले. नवरा एका कोपऱ्यात टेकून लगेच घोरायला लागला. बॉयलरच्या आवाजाशिवाय त्याला झोप येते, हे त्यालाही नव्यानंच कळलं असावं.

"हवा छान आहे हो," दादा म्हणाले.

"आणि इथे बसून तू काय करायचीस गं?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही, ताई."

"बरं. मग आपणही काही नाही करू," असं म्हणून थोरलीनं, नव्या हॉटेलच्या चादरी कशा पातळ आहेत आणि त्यांच्या मालकाची सून कशी जाड आहे, ते सांगायला सुरुवात केली. वळणावर एक ट्रक आला. "केवढा मोठा!" थोरली म्हणाली. दुसरा आला. "याच्यावर काय लादलंय गं?" मग त्यात काय असेल यावर दादांचं आणि तिचं वाजलं. ट्रक कधी दिसेनासा झाला, ते कळलंच नाही.

"दर मंगळवारी यायचं," दादांनी जाहीर केलं. थोरलीनं टाळी दिली. धाकटी चादरीवरच्या पुसट डागाकडे बघत होती. हा डाग अमक्या हॉटेलचा, हे तिला न विचारता सांगता आलं असतं. घर तिच्यामागून इथवर चालत आलं होतं आणि ऐसपैस बसलं होतं. या जागेवर आता तिला कधीच एकटं येता येणार नव्हतं. आता ती सगळ्यांची आवडती जागा होती.

"टाकी अर्धीच आहे ना?" दादा म्हणाले. "आलोच आहोत तर भरून घे. साधंच घाल हं. आता ते भारीचं खूळ पुरे."

"मी येऊ का सोबत?" थोरलीनं विचारलं, पण तिच्या मांडीवर डबा होता आणि पाय छान पसरले होते.

"बस गं, ती येतेच आहे," दादा म्हणाले.

धाकटी गाडी घेऊन पुढच्या बाजूला आली. भारी पेट्रोलच्या यंत्रापाशी नेहमीसारखंच एकही गिऱ्हाईक नव्हतं. ओळखीच्या पंपवाल्यानं लांबूनच हात केला आणि नळी उचललीसुद्धा. तिनं मान हलवली आणि गाडी साध्याच्या रांगेत घातली. या रांगेत ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. टेम्पो, टॅक्स्या, दुचाक्या, डबे घेतलेली माणसं, एकमेकांना शिव्या घालत इंचाइंचानं सरकत होती. धाकटी सगळ्यांच्या शेवटी जाऊन थांबली. इंजिन बंद केलं. काच वर केली.

आवाज तुटले. तिनं चपला काढल्या.

रांग हलली. पुढे जागा झाली. मागच्या टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला, मग डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ मावशी, झोपलात का?"

तिनं काच थोडी खाली करून हात बाहेर काढला. "जा, तू जा पुढे. मला घाई नाही."

तो चकित होऊन पुढे गेला. त्याच्यामागे टॅक्सी होती. तिलाही तिनं हात केला. फळ्यामागून थोरलीची हाक ऐकू आली, "धाकटे, झालं का गं?"

"अजून नंबर नाही आला, ताई!" धाकटी ओरडली, आणि मागच्या दुचाकीवाल्याला पुढे जायची खूण केली.